दादानं काढायला लावलेलं अर्धं पान

मी मजकूर वाचायची नाही, टाइप करायची. हे दोन वेगळे धंदे आहेत, आणि ज्याला ते एकच वाटतात त्यानं कधी पोटासाठी कीबोर्ड बडवलेला नाही. कोर्टाजवळच्या एका जॉबवर्कच्या दुकानात मी अठरा वर्षं काढली. शपथपत्रं, भाडेपत्रं, घटस्फोटाचे अर्ज, पीएचडीचे जाडजूड प्रबंध, सगळं या दहा बोटांतून गेलं. पहिल्याच आठवड्यात दुकानाच्या सरांनी मला बजावलं होतं, "मॅडम, वाचाल तर थांबाल, थांबाल तर चुकाल. कानातून सरळ बोटात. मधे डोकं आणू नका." मी ते इतकं मनावर घेतलं की एखादी बाई समोर बसून रडत रडत नवऱ्याचे प्रताप सांगायची, मी तिची सहा पानं एका दमात उतरवायची, आणि संध्याकाळी कोणी विचारलं तर त्यातली एक ओळ मला सांगता यायची नाही. याचा मला गर्व होता. बाकीच्या पोरी डोळे पुसत बसायच्या आणि मी पुढचा कागद घ्यायची.

सरांचे आणखी दोन नियम होते. ओळ संपली की सेव्ह करायचं, कारण उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता आणि दुकानातल्या कॉम्प्युटरांना बॅटरी नव्हती. दुसरा नियम असा की गडबड झाली तर उगाच खुडबुड करायची नाही. फाइल सेव्ह न करता बंद करायची आणि पुन्हा उघडायची. ओळीओळीला सेव्ह केलेलं असायचं, त्यामुळे गेली तर एखादी ओळ जायची. हा नियम मी शेकडो वेळा वापरला आणि त्यानं मला एकदाही दगा दिला नाही. आता दुकान सुटलं, मी घरी लॅपटॉपवर प्रबंधांचं टायपिंग करते, पण बोटांना नियम तेच.

घर म्हणजे नागपूरला लागून वाडी आहे, तिथलं दादाचं घर. खाली दादा आणि वहिनी, वरच्या खोलीत मी. लग्न केलं नाही मी, त्याची कहाणी वेगळी आणि ती सांगायची मला हौस नाही. दादा अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये बुकिंगला होता. दिवसभर बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडायच्या, हमालांवर ओरडायचं, ड्रायव्हरांशी भांडायचं आणि गालात खर्रा, तंबाखू-सुपारी घोटून केलेला. दिवसाला पाच पुड्या, कधी सहा. मी बोलून बोलून थकले. "अबे दादा, तोंड उघडत नाही तुहं धड, पाह्य आरशात," म्हटलं की हसायचा, आणि ते हसूही अर्धंच उघडायचं. मग जिभेच्या कडेला फोड आली, ती बरी होईना, आणि रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की जिभेचा मोठा भाग काढावा लागेल. बोलता येईल का, असं वहिनीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, पहिल्यासारखं नाही. म्हणजे काय ते आम्ही तिघंही समजलो. 

ऑपरेशनला दहा दिवस होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी दादा जिना चढून माझ्या खोलीत आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "बाई, पोरीले एक चिठ्ठी लिहायची आहे. बिल्टी लिहीन मी, हे नाई लिहू शकत. मी बोलतो, तू लिही."

पोरगी म्हणजे माझी भाची, दादाची एकुलती एक. पुण्याला असते. चार वर्षांपासून ती बापाशी बोलत नव्हती, आणि त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. तिनं आपल्या मनानं लग्न ठरवलं. पोरगा चांगला, दोघं एकाच ऑफिसात. दादाची हरकत नक्की कशाला होती ते त्यालाही सांगता आलं नसतं. आपल्याले विचारलं नाही, एवढंच. पण शेवटी नरमला. इथंच नागपूरला नोंदणी कार्यालयात लग्न होतं, आदल्या दिवशी तिला फोनवर म्हणाला, "येतो मी, साडेअकराले पोहोचतो." पोरगी आनंदानं वेडी झाली. दुसऱ्या दिवशी साडेअकरा झाले, बारा झाले, साहेब जेवायला जाऊन परत आले, आणि ती आपली दारात उभी, हातातला हार कोमेजून गेला. तीन वाजता सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून मी होते. दादा आला नाही. संध्याकाळी घरी आला, हातपाय धुतले, जेवला. कुठे होता विचारलं तर म्हणाला, "काम होतं."

तेव्हापासून भाचीनं त्याचा फोन उचलला नाही. माझ्याशी बोलायची. दर वेळी एकच सांगायची, "आत्या, मले त्यांची माफी नको, पैसा नको, काही नको. येतो म्हणून काहून नाही आले, एवढं एक त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे." मी दादाला सांगायची. तो खर्रा मळायला घ्यायचा. आता त्या तोंडाचेच दहा दिवस उरले होते, म्हणून तो स्टुलावर येऊन बसला होता.

मी म्हटलं असतं तर फोनवर रेकॉर्ड झालं असतं. वहिनी म्हणालीच होती, "अवं, आवाज तरी राहीन त्यायचा." आणि मी शहाणी काय म्हणाले? "रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायले दुप्पट वेळ लागते वहिनी. मी थेट घेते ना." दुप्पट वेळ! जणू माझ्याकडे वेळेची टंचाई होती. हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

रोज सकाळी तासभर तो बोलायचा. गालात खर्र्याऐवजी लवंग. सवय गोडाऊनची, त्यामुळे हमालांना माल मोजून द्यावा तसा सांगायचा, "लिही. झालं? लिही." भाची लहान असताना त्याचा डबा घेऊन गोडाऊनवर यायची, गठ्ठ्यांवर चढून बसायची, उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये तिला बसवून तो हॉर्न वाजवू द्यायचा, एकदा ती दोरखंडांच्या ढिगात झोपून गेली आणि सगळं गोडाऊन तिला शोधत होतं. अशी पानंच्या पानं. हे मला कसं माहीत, तर नंतर वाचलं म्हणून. टाइप करताना मला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

पाचव्या दिवशी त्यानं आल्या आल्या दार लावलं. स्टूल भिंतीकडे वळवून बसला, माझ्याकडे पाठ. म्हणाला, "लिही. त्या दिवशी." आणि थांबला. मग एकेक शब्द सावकाश बोलायला लागला आणि दहाएक मिनिटं थांबलाच नाही. मी टाइप करत होते. खाली वहिनी भाजी आणायला गेली होती आणि जाताना मला सांगून गेली होती की तूरडाळ लावली आहे, चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. मी शिट्ट्या मोजत होते. एक झाली, दोन झाल्या. कान कुकरला, बोटं दादाला. तिसरी झाली तेव्हा दादाचा आवाज जरा कापरा झाला, हे आठवतं. तो काय बोलत होता ते नाही आठवत. चौथी झाल्याबरोबर मी म्हटलं, "एक मिनिट दादा," खाली पळाले, गॅस बंद केला, वर आले. तो तसाच बसला होता. पुढची दोन वाक्यं बोलला आणि म्हणाला, "लिहलं?"

"लिहलं."

"सगळं?"

"सगळं. वाचून दाखवू?"

"नको."

दुसऱ्या दिवशी आला तो दारातूनच म्हणाला, "कालचं काढ."

"काहून?"

"तिले वाटन, बाप रडून राहिला. काढ म्हणतो ना."

मी 'त्या दिवशी' पासून शेवटपर्यंत, अर्धं पान असेल, सगळं निवडलं आणि उडवलं. न वाचता. त्याचा चेहरा इतका उतरला की मला राहवलं नाही. मी म्हटलं, "घाबरू नको, पाहिजे असन तर परत आणता येते."

"गेलेलं वापस येते?"

"येते ना. हा बाण पाह्य." मी त्याला वरचा मागे वळलेला बाण दाखवला, एकदा दाबला, अर्धं पान परत हजर. पुढचा बाण दाबला, पुन्हा गायब. जादूगार टोपीतून कबुतर काढतो तेवढी ऐट मी त्या एका बाणावर मिरवली. "फाइल बंद करत नाही मी. नुसतं झाकण लावते. जोपर्यंत फाइल उघडी आहे तोपर्यंत काही जात नाही."

"बाप्पा!" दादा म्हणाला. मग हसला. "ट्रक सुटल्यावर असा वापस बोलवता आला असता तर गा!"

मला गा म्हणाला, गोडाऊनवरच्या गड्याला म्हणावं तसं. तो खूश असला की असं व्हायचं. पण तेव्हा मी काय केलं ते आता कळतं. मी त्याला फुरसत देऊन टाकली. काढलेलं गेलंच आहे असं त्याला वाटलं असतं तर तो कदाचित त्याच दिवशी म्हणाला असता, थांब, पुन्हा लिहू. पुन्हा बोलला असता. मी म्हटलं काही जात नाही, आणि तो निवांत झाला. मीही झाले. वेगळ्या फाइलमध्ये ते अर्धं पान चिकटवून ठेवायला मला दहा सेकंद लागले असते. ठेवलं नाही. मला कशाला पाहिजे वेगळी फाइल, मी काय नवशिकी आहे!

पुढचे तीन दिवस तो बाकीचं बोलला. जावयाला दोन शब्द, वहिनीच्या औषधांचं, नातवंडं झाली तर काय म्हणून हाक मारायची त्याचं. ओळीओळीला मी सेव्ह करत होते.

दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी ऑटो दारात उभा होता. पिशवी, थर्मास, रिपोर्टांची फाइल, वहिनीची तिसऱ्यांदा कुलूप तपासणी. दादा खाली नाही हे माझ्या लक्षात आलं तेव्हा तो जिना चढून वर, माझ्या दारात उभा होता. धाप लागली होती.

"ते परत घाल," म्हणाला. "अन् मी आत जायच्या आधी तिले पाठव."

"घालते. तू जा खाली, बस ऑटोत. आलीच मी."

तो खाली गेला. मी लॅपटॉप उघडला, फाइल तशीच उघडी होती. मागे जायला लागले. कंट्रोल आणि झेड, कंट्रोल आणि झेड. तीन दिवसांचं लिहिलेलं उलटं पुसत चाललं, नातवंडं गेली, औषधं गेली, जावई गेला. मला त्याची भीती नव्हती, पुढचा बाण होता ना. आणि एकदम ते आलं. अर्धं पान. 'त्या दिवशी मी'. मी ते सगळं निवडलं, निळं झालं. एवढा वेळ ते माझ्या डोळ्यांसमोर होतं की वाचून झालं असतं. नाही वाचलं. खालून ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. वहिनी ओरडली, "झालं का वं?" मला कॉपी करायचं होतं, कंट्रोल धरून सी. घाईत कंट्रोलवरचं बोट सुटलं आणि नुसतं सी दाबलं गेलं. मराठी कीबोर्ड चालू होता. अख्ख्या अर्ध्या पानाच्या जागी एक 'म' उभा राहिला.

मी पुढचा बाण पाहिला. तो राखाडी झाला होता, मेलेला. मागे गेल्यावर एक जरी नवं अक्षर टाइप केलं तर पुढे जायचा रस्ता बंद होतो, हे मला माहीत होतं, मी लोकांना शिकवलेलं आहे. म्हणजे तीन दिवसांचं पुढचं सगळं गेलं, आणि हेही गेलं.  पुन्हा हॉर्न. आणि बोटांनी नियम काढला. गडबड झाली तर खुडबुड नको, सेव्ह न करता बंद करा. मी फाइल बंद केली. सेव्ह करायचं का, असं त्यानं विचारलं. मी 'नाही' दाबलं.

पुन्हा उघडली. जावई, औषधं, नातवंडं, सगळं जागच्या जागी होतं. मी मोठ्यानं म्हणाले, "वाचलं गं माय!" आणि मग त्या अर्ध्या पानासाठी मागे जायला गेले, तर मागचा बाणही राखाडी.

एकदा. फक्त एकदा मागे दाबलं असतं तर तो 'म' गेला असता आणि अर्धं पान परत आलं असतं. पुढचं सगळं सेव्ह केलेलं होतंच. ही फाइल दुसऱ्या नावानं ठेवली असती की दोन्ही वाचलं असतं. शेंबडं पोरही करेल एवढं साधं. अठरा वर्षांच्या अनुभवाच्या बाईला ते सुचलं नाही.

"झालं का?" खालून दादा.

"झालं!"

"घातलं?"

मी जिन्यावर आले. तो ऑटोतून मान बाहेर काढून वर बघत होता. त्याला तीन तासांनी आत नेणार होते.

"घातलं," मी म्हणाले.

दवाखान्याच्या लॉबीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन मी सरांना फोन लावला. सर आता सत्तरीचे आहेत, दुकान केव्हाच बंद केलं, पण आवाज तोच. ते सांगत गेले, मी करत गेले. आपोआप साठवलेल्या प्रती बघा. फाइल नीट बंद केली की त्या प्रती पुसल्या जातात, त्यामुळे नव्हत्या. तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये बघा. होत्या दोन-तीन, एकात कोणाच्या तरी प्रबंधाचं मुखपृष्ठ, बाकी रिकाम्या. जुनी बॅकअप प्रत ठेवायची सोय चालू होती का? नव्हती. माझ्या मशीनमध्ये मी ती स्वतः बंद केली होती, कारण फोल्डरमध्ये दोन-दोन फाइली दिसल्या की मला पसारा वाटायचा. क्लाउडवर साठवता का? नाही. छापून काढलं होतं? नाही.

सरांचे प्रश्न संपले. मग म्हणाले, "मॅडम, अनडू म्हणजे फाइल नाही हो. फाइल उघडी आहे तोवरची ती आठवण. बंद केली की तिला कुठेच जागा नसते. तुम्ही टाइप केलंय ना? मग लिहून काढा आठवून."

"सर, मला आठवत नाही."

"काहीच?"

"तुम्हीच सांगितलं होतं, मधे डोकं आणू नका."

हे मी बोलायला नको होतं. म्हाताऱ्या माणसाचा काय दोष. ते "हो, हो" असं काहीतरी म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर मी त्यांची माफी मागितली, त्यांना आधीच्या बोलण्याचा राग आलाच नव्हता असं ते म्हणाले. व्हॉट्सॲपवर लोक सकाळी सकाळी पाठवतात ना, आयुष्याला अनडू नसतो म्हणून, खाली गुलाबाचं फूल? मला कोणी पाठवलं तर मी त्याला ब्लॉक करते. नसतो कसा? होता. माझ्या बोटाखाली होता आणि मीच घालवला.

दादाला आत नेताना मी आणि वहिनी दोन बाजूंनी चाललो. हिरवा गाऊन घातलेला, टोपी घातलेली. त्यानं मला विचारलं, "पाठवलं?"

"पाठवून राहिली. नेट स्लो आहे इथं."

"तिले म्हणा," तो म्हणाला, "धरमकाट्याचं नीट वाच."

मग दार बंद झालं. धरमकाटा म्हणजे ट्रकचं वजन करायचा काटा, आमच्या वाडीत रस्त्याला असे चार-पाच आहेत. दादाच्या स्वतःच्या आवाजातलं हे शेवटचं वाक्य. त्यावर मी वही भरेल इतका विचार केला आहे. लेकीच्या लग्नाच्या दिवशी माणूस धरमकाट्यावर काय करत असेल? माझ्या बोटांना एवढं वाटतं की तो शब्द दोनदा आला होता. बाकी शिट्ट्या.

आणि मग मी जे केलं ते केलं. भाचीला चिठ्ठी तशीच पाठवली असती, तर ज्या एका गोष्टीसाठी ती चार वर्षं थांबली तीच त्यात नव्हती. खरं सांगितलं असतं, तर दादाला मी 'घातलं' म्हणून सांगून आत पाठवलं होतं. मी खुर्चीवर बसून ते अर्धं पान स्वतः रचलं. त्या दिवशी मी निघालो होतो. धरमकाट्यावर गाडी अडकली, तिथं उशीर झाला. तरी मी आलो. ऑफिससमोरच्या झाडाखाली उभा राहिलो, तुला पिवळ्या साडीत दारात पाहिलं, पण पाय उचलला नाही. कोणत्या तोंडानं येऊ असं वाटलं. तुला पाहून मी परत गेलो. असं. सिरियलमध्ये शोभेल असं. दादा जन्मात असं बोलला नसता. दुपारी एकला मी ते पाठवलं.

भाची तिसऱ्या दिवशी आली. दादाला तोवर वॉर्डात आणलं होतं, नाकात नळी, गळ्याला भोक पाडून नळी, तोंड सुजून एका बाजूला. लिहायला वहिनीनं पोरांची पांढरी पाटी आणि पेन आणून दिलं होतं. भाची आली, पिशवी दारातच टाकली, पलंगाजवळ गुडघ्यावर बसली आणि त्याचा हात धरून म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच त्या झाडाखाली उभे होते? मले पाहिलं होतं?"

दादानं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं आता हा मान हलवणार, नाही म्हणणार, पाटी मागणार. मला वाटलं बरं होईल, संपेल एकदाचं.

त्यानं हो म्हणून मान हलवली. भाचीनं त्याच्या हातावर डोकं ठेवलं आणि मोकळी होऊन रडली, चार वर्षांचं एकदम.

आता ती दर दोन महिन्यांनी नागपूरला येते. नवऱ्याला घेऊन त्या ऑफिससमोर गेली, त्याला ते झाड दाखवलं. खरंच आहे तिथं झाड, कडुनिंबाचं, ते माझं नशीब. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. दादा तिच्याशी पाटीवर गप्पा मारतो, मधे नात झाली, तिला अजून ट्रकचा हॉर्न दाखवायचा आहे असं लिहितो. घर सुखी आहे. मला कोणी काही म्हणत नाही. मी मात्र आता टाइप करताना प्रत्येक ओळ वाचते, त्यामुळे काम निम्म्यावर आलं आहे, आणि कुकर लावलेला असेल तर मशीनला हात लावत नाही. कोणाला काय फायदा त्याचा आता.

त्या दिवशी वॉर्डात भाची आणि वहिनी चहा आणायला खाली गेल्या तेव्हा दादानं पाटी मागितली.  लिहिलं, 'झाड कोनतं?'

मी सगळं सांगितलं. 'म' आला तो, फाइल बंद केली ती, जिन्यावरून खोटं बोलले ते. झाड माझं आहे म्हणून सांगितलं. तो ऐकत होता, डोळे माझ्यावरच. माझं संपल्यावर त्यानं पाटी पुसली आणि लिहिलं, 'जाऊ दे. तू तर आयकलं होतं.'

मी शिट्ट्यांचं सांगायला तोंड उघडलं आणि मला ते सांगता येईना. शेवटी म्हटलं, "नाही ऐकलं दादा. लिहलं, पण ऐकलं नाही."

 मी त्याच्या हातात पेन दिलं. म्हटलं, "आता लिहून दे. दोन ओळी दे, मी तिले खरं काय ते सांगते. काय होतं धरमकाट्यावर?"

त्यानं पेन घेतलं. जिन्यावर भाचीचं हसणं ऐकू येत होतं, चहा सांडल्याचं काहीतरी वहिनीला सांगत होती. दादानं तिकडे कान दिला. मग त्यानं पाटीवर लिहिलं, 'झाड ठीक आहे,' पाटी माझ्या हातात दिली आणि तोंड भिंतीकडे केलं.